दुर्बीण बसवली तो हंगाम

ऑक्टोबर लागला की माझ्या दुकानात डोळे चोळत येणारी माणसं वाढतात. महाडला आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. डोळे तपासून नंबर काढते, चष्मे करून देते. पण कापणीच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात भाताचं कुसळ जातं, कुणाच्या झोडणीची धूळ, आणि बायका दवाखान्यात जायच्या आधी माझ्याकडेच येतात. पापणी हलकेच उलटून पाहिलं आणि आत काही रुतलेलं दिसलं, तर मी हात लावत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. मात्र त्या जेवढा वेळ बसतात तेवढ्यात त्यांच्या पदराचा, केसांचा वास दुकानभर होतो. पिकल्या भाताचा, दहिवरात भिजलेल्या गवताचा, विळ्याच्या लोखंडाचा वास.

परवा वरंधकडची एक बाई आली होती. डोळा लालभडक. मी विजेरीनं पाहत असताना ती सांगत होती, "डुकरांनी या साली काय ठेवलंच नाय. उरलंसुरलं कापाय घेतलं, तर हे डोळ्यात."

"राखणीला कुणी नाही का?"

"राखण कोण करतंय आता? पोरं मुंबईला. डबे वाजवतो, पण डुकरांना ते बी पाठ झालंय."

तिला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं. पुढची माणसं खोळंबली होती, तरी मी विजेरी हातात धरून उभी होते. आमच्या वाडीतला राखणीचा शेवटचा हंगाम मला आठवत होता.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावरची एक लहानशी वाडी. एसटी पायथ्याशी सोडायची, पुढं चढण. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी, त्याच्या वर रान. भाद्रपदात भात निसवू लागलं, दाण्यात दूध भरू लागलं, की रानातून डुकरं उतरायची. खातील त्याच्या दुप्पट तुडवायची. सकाळी बांधावर उभं राहिलं तर कुणीतरी चटया अंथरून गेल्यासारखं भात आडवं पडलेलं दिसायचं, आणि त्यातून कच्च्या दुधाचा गोडसर, आंबूस वास यायचा. तो वास आला की आई हातातलं काम टाकून खाली बसायची.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीचा परवाना आणि तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. सगळ्या वाडीची राखण त्यांच्यावर. ते फार गोळ्या झाडायचे नाहीत. पण खालच्या खोऱ्यात आवाज घुमला की माणसं म्हणायची, "आबानं वाजवली," आणि निर्धास्त व्हायची. मी लहानपणापासून त्या आवाजाची सवय असलेली मुलगी. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून बसलेली असायचे, आवाज यायचा, आणि मी दुधावरची नजरही हलवायचे नाही.

मग एका वर्षी त्यांच्या हातून बैल मेला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं लग्न होऊन मी महाडला आले होते, दुकानात बसू लागले होते. हे मला नंतर आईनं सांगितलं. सांज होत होती, धुकं उतरलं होतं. नाचणीत काहीतरी काळं हललं. आबांनी नेम धरला आणि वाजवली. जाऊन पाहतात तो शेजारच्या सखारामकाकांचा काळा बैल. दावं तोडून नाचणीत शिरला होता.

सखारामकाकांची आणि आमची शेतं बांधाला बांध लागून. आबा आणि ते एकाच वयाचे, एकाच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. काका धावत आले, बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले आणि त्याचा श्वास थांबेपर्यंत उठले नाहीत. उठल्यावर एवढंच म्हणाले, "जनावर हाय म्हणून बरं, आबा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी आपल्या जोडीतला एक बैल सोडला आणि स्वतः नेऊन काकांच्या गोठ्यात बांधला. काका नको म्हणाले नाहीत. पुढच्या आषाढात मात्र त्यांनी ती जोडी आणली आणि स्वतःच्या खाचरात न घालता आधी आमची खाचरं नांगरली. कुणी सांगितलं नव्हतं. आबा बांधावर उभे राहून बघत होते. त्या अख्ख्या पावसाळ्यात दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत असं आई म्हणायची. रायफल तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत गेली होती.

त्या भाद्रपदात मी गौरींना माहेरी गेले. भात निसवत होतं आणि डुकरं उतरायला लागली होती. पडवीत वाडीतली माणसं येऊन बसली.

"आबा, काढा आता ती."

"माझ्या हातून होणार नाय," आबा म्हणाले. जमिनीकडे बघत म्हणाले.

माणसं गेली. सखारामकाका मागे राहिले आणि परसात माझ्याकडे आले. मी गौरींच्या भाज्या निवडत होते.

"शैले," ते म्हणाले, "तुझ्या बापाला दिसतं का गो नीट?"

"मी तपासले नाहीत त्यांचे डोळे, काका. ते तपासू देत नाहीत."

"मी बोलतो त्याच्याशी."

काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण चार-आठ दिवसांत आबा महाडला दुकानात आले. बाहेर चपला काढल्या आणि परेडला उभं राहावं तसे खुर्चीत ताठ बसले. मी एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. डाव्यानं बरीच वाचली. उजव्यानं तिसऱ्या ओळीत थांबले. मी भिंगं बदलत गेले. काही सुधारलं, सगळं नाही. विजेरी टाकली तेव्हा बाहुलीत दुधाचा हलकासा डाग दिसला.

मी त्यांना समजावून सांगितलं. रायफलीवरची मागची खाच हातभर अंतरावर, नळीचं टोक त्याच्या पुढं, आणि जनावर शेताच्या पल्याड. तरुण डोळा एकावरून दुसऱ्यावर इतक्या चटकन जातो की तिन्ही एकदम स्पष्ट दिसल्यासारखी वाटतात. वय झालं की डोळ्याची ती लवचीकता जाते. एक धरावं तर दुसरं धूसर.

"आणि उजवा?"

"मोतीबिंदू धरतोय. अजून कच्चा आहे. पिकला की ऑपरेशन."

"हंगामापुरता चालेल?"

नाही म्हटलं असतं तर ती रायफल ट्रंकेतच राहिली असती, आणि आईला व मला शांत झोप लागली असती. पण वाडीचं भात डोळ्यांसमोर आडवं पडलेलं होतं. शिवाय समोर बसलेला माणूस माझ्याकडे खरं काय ते ऐकायला आला होता.

"नुसत्या नेमानं चालणार नाही," मी म्हणाले. "दुर्बीण असेल तर चालेल. दुर्बिणीत जनावर आणि नेमाची खूण एकाच अंतरावर दिसतात. डोळ्याला मागेपुढे करावं लागत नाही. तेही डॉक्टरांनी पाहून हो म्हटलं तर. आणि बसवताना मी सोबत येणार."

आबांनी मान हलवली. डॉक्टरांनी पाहिलं, मी सांगितलं त्याहून वेगळं काही सांगितलं नाही, आणि चष्म्याचा नंबर लिहून दिला.

वरंध घाटातून आम्ही एसटीनं भोरमार्गे पुण्याला गेलो. पाऊस थांबला होता, पण घाटातल्या कड्यांवरून पाणी अजून उतरत होतं. बंदूक कॅनव्हासच्या पिशवीत, परवाना आबांच्या खिशात. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं, आबांच्या मिशांकडे पाहिलं, आणि आम्हाला पुढची सीट दिली. आबा वाटभर पिशवी मांडीवर धरून बसले होते.

दुकान परवानाधारक होतं, जुनं. कारागीर करीमभाई, डोक्यावर जाळीची टोपी, नाकावर माझ्या ओळखीच्या प्रकारचा जाड चष्मा. त्यांनी कपाटातून एक जुनी दुर्बीण काढली. चौपट मोठं दाखवणारी, कुणा जुन्या शिकारी घराण्यातली. काचा मी तपासल्या. बुरशी नव्हती. पण करीमभाई म्हणाले, "दुर्बीण कुठलीही घ्या ताई, काम असतं माउंटचं. खाली पकड ढिली, तर वरची काच फुकट."

माउंट म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणारा तो लोखंडी पाया आणि त्यावरच्या दोन रिंगा. त्यांनी दोन तऱ्हा पुढं ठेवल्या. एक वरून चिमट्यासारखी आवळायची. भोक पाडावं लागत नाही, पटकन बसते. दुसरी रायफलीच्या डाव्या अंगाला, पोलादात भोकं पाडून, आटे कापून स्क्रूनं बसवायची.

"ही पहिली आहे ना, ती चार बार झाले की सरकते," करीमभाई म्हणाले. "मी विकतो, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला नाही देणार."

"का?" मी विचारलं.

"हे हवालदारसाहेब एकदा नेम धरला की दुर्बिणीवर भरवसा ठेवणार. सरकली तर त्यांना कळणार कसं?"

आबांनी दुसरीवर बोट ठेवलं. डाव्या अंगाला बसत असल्यामुळे वरून गोळ्या भरायची जागा मोकळी राहत होती.

मग रिंगा किती उंच घ्यायच्या त्यावर बराच वेळ गेला. करीमभाईंनी आबांना नवा चष्मा घालायला लावला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि गाल जिथं आपसूक टेकला तिथं डोळे उघडायला सांगितले. असं पुन्हा पुन्हा. उंच रिंगा घेतल्या की गाल रायफलीच्या लाकडी दस्त्यावरून उचलावा लागायचा, मान अवघडायची. बुटक्या घेतल्या की डोळा बरोबर काचेमागं यायचा. आबांनी बुटक्या घेतल्या. दुर्बीण किती पुढं ठेवायची ते मी सांगितलं. धक्का बसला की रायफल मागे येते. चष्म्याच्या काचेवर दुर्बिणीची कड आदळता कामा नये. मी आबांच्या चष्म्यापुढं माझी बोटं आडवी धरून अंतर दाखवलं. करीमभाईंनी खडूनं खूण केली.

भोकं पाडताना आबा बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या रायफलीला गिरमिट लागताना त्यांना बघवत नव्हतं. मी आत थांबले. तेलाचा, तापल्या पोलादाचा वास येत होता. पाया बसला की कागद घालून पाहायचा, कुठं फट राहिली का ते, राहिली की कानस, पुन्हा कागद. दुर्बिणीतली उभी रेघ सरळ आहे का हे बघायला त्यांनी समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडला. शेवटी रायफलीचा मागचा बोल्ट काढून, नुसत्या नळीतून रस्त्यापलीकडच्या गच्चीवरच्या टाकीचा कोपरा पाहिला, आणि रायफल न हलवता दुर्बिणीतली नेमाची फुली त्याच कोपऱ्यावर आणली.

"हे झालं दुकानातलं," ते म्हणाले. "खरं काय ते गोळी सांगेल. आणि चार बारानंतर स्क्रू पुन्हा आवळा."

पुण्याहून मी आबांसोबत वाडीवर गेले. पोलीस पाटलाला कळवून आबांनी वाडीमागच्या उंच दरडीपुढं फळी उभी केली. सखारामकाका फळी बघायला थांबले. गोळ्या आधी खाली आणि उजवीकडे लागल्या, मग दुर्बिणीवरची नेम सरकवायची फिरकी फिरवत मधोमध आल्या. आबांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा मोकळा दिसला. सांगितल्याप्रमाणे स्क्रू आवळले. त्यानंतरची गोळी मात्र फळीच्या कडेला गेली. पुढची आणखी भलतीकडे.

आबांनी रायफल रिकामी केली. दुर्बिणीखालच्या पायाला अंगठा लावून दाबलं. "हलतंय," म्हणाले.

त्या दिवशी सांजेला डुकरं उतरणार हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशीचे माग खाचरापर्यंत आले होते. वाडीतली माणसं पुन्हा पडवीत आली.

"थोडं हलतंय तर काय झालं, आबा? आवाज तरी करा."

"गोळी कुठं जाणार ते मला ठाव नाय," आबा म्हणाले. "मी उचलणार नाय."

लोक कुरकुरत उठले. सगळ्यांनी डबे वाजवले, हाकारे दिले, पेंढा पेटवून धूर केला. तरी डुकरं उतरली, आणि गेलं ते सखारामकाकांचं सगळ्यात खालचं खाचर. सकाळी आम्ही बांधावर उभे होतो. आडवं झालेलं भात, उकरलेला चिखल, तो आंबूस वास. आबांना मान वर करता येईना. काका वाकले, चिखलातून एक लोंबी उचलली, बोटांत चोळून पाहिली आणि टाकून दिली.

"बरं केलंस, नाय उचललीस," ते म्हणाले. मग बांध ओलांडून आमच्या पडवीत आले आणि आईकडे चहा मागितला. बैल गेल्यापासून ते आमच्याकडे चहाला बसले नव्हते.

त्याच दुपारी मी पाया सोडवला. भोकांत आटे कापतानाचं तेल राहिलं होतं. त्यात स्क्रू धरत नव्हते. मी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं एकेक भोक, एकेक स्क्रू कोरडा केला. चष्म्याच्या दांडीचे स्क्रू सुटू नयेत म्हणून आम्ही जो चिकट थेंब लावतो तो माझ्या पिशवीत होता. तो लावला, आणि करीमभाईंनी दिलेल्या पेचकसानं आबांनी सगळे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. एक दिवस तसंच ठेवून मग फळीवर गोळ्या झाडल्या. एकाशेजारी एक बसल्या. तरी आबा दर गोळीनंतर अंगठ्यानं दाबून बघत होते.

मी महाडला निरोप पाठवून राहिले होते. त्या सांजेला मचाणावर आबा आणि काका, आणि खाली खोडाला टेकून मी. उन्हं पश्चिमेच्या डोंगरामागं गेली होती. भातावर पिवळट उजेड होता, आणि किड्यांचा आवाज हळूहळू चढत होता. वरच्या कडेला भात हललं. आबांनी रायफल खांद्याला लावली.

"थांब," काका म्हणाले. मोठ्यानं नाही. नुसता आबांच्या दंडावर हात ठेवला.

आबांनी बोट काढलं. बांधाच्या वळणावरून खालच्या वाडीची गंगूबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. भाऱ्यानं तिचं तोंड झाकलेलं. डुक्कर हुंकारून रानात पळालं. गंगूबाई मचाणाखाली येऊन थांबली.

"कुणाची वाट बघतासा रं?"

"तुझीच," काका म्हणाले. "जा, अंधार पडायच्या आत घरी जा."

ती गेली. आबांनी गोळी काढून घेतली. ती त्यांच्या हातातून निसटून माझ्यापाशी पडली. ती उचलून मी वर पाहिलं.

"डुक्कर स्वच्छ दिसत होतं," ते म्हणाले. "केस न् केस दिसत होता. ती दिसलीच नाय, सखाराम. मला निस्तं मधलं दिसतं."

"मग बाजूचं मी बघतो," काका म्हणाले.

तेव्हापासून तसंच ठरलं. आबा दुर्बिणीतून बघायचे आणि काका उघड्या डोळ्यांनी सगळीकडे. काका "मोकळं हाय" म्हणेपर्यंत आबांचं बोट घोड्यावर जायचं नाही. दुसऱ्या सांजेला तेच डुक्कर आलं, दांडगा नर. काकांनी आधी बांध, मग पायवाट, मग रानाची कड न्याहाळली. मग म्हणाले, "मोकळं हाय." एकच आवाज झाला आणि खोऱ्यात फिरत राहिला.

वनखात्याची परवानगी आधीच काढलेली होती. सकाळी गार्ड आला, पंचनामा झाला, डुक्कर पुरलं. आबांनी त्याच्यावर पहिली माती टाकली. कुणी हसलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. आबांनाही ती नको होती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला भात कापलं. मी दोन दिवस गेले होते. काकांचं खालचं खाचर रिकामं होतं. आबांनी आपल्या खळ्यावरच्या पेंढ्यांची एक रास झोडायच्या आधीच तिकडं वाहून नेली. दोघं झोडत होते, धुळीनं दोघांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या. आता कापणीच्या दिवसांत बायकांच्या पदराचा तो वास दुकानात आला की मला ते दोघं तसेच दिसतात, लयीत वर जाणारे आणि खाली येणारे हात. दोघंही आता नाहीत. वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत, वरची नाचणीची जागा रानानं परत घेतली आहे. मी चष्मे करून देते, माणसांना लांबचं आणि जवळचं दिसू लागतं; पण राखणीला माणूस कुठून आणून देणार?

पुढच्या पावसाळ्यात आबांचा उजवा डोळा दुधाळला. दुर्बिणीतूनही फुली दिसेना, तेव्हा त्यांनी काकांना सांगितलं आणि मग आईला. परवाना परत केला, रायफल दुर्बिणीसकट पुण्याच्या त्याच दुकानात जमा केली. करीमभाईंनी पाया अंगठ्यानं दाबून पाहिला म्हणे आणि नुसती मान हलवली. पाऊस सरताच ऑपरेशन झालं. दोन्ही वेळा, नेताना आणि आणताना, सखारामकाका सोबत होते.

डोळा बरा झाल्यावर आबा चष्म्यासाठी दुकानात आले. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. मी नवा चष्मा आबांच्या कानांवर नीट बसवला. त्यांनी अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचली, एसटीचा फलक वाचला. मग त्यांची नजर दारातून बाकावर गेली आणि तिथंच थांबली.

"सखाराम," ते म्हणाले, "डोकं कधी रं पिकलं तुझं? पार पांढरा झालास."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला. "झाली की लई सालं. तुला आज दिसतंय?"

"मला वाटलं तू हायस तसाच हायस."

"आता दिसलो ना? बास मग."

आबा खुर्चीतून उठले. चपला न घालता तसेच बाहेर गेले आणि बाकावर काकांच्या शेजारी बसले, त्यांच्याकडे तोंड करून. पोलादपूरची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मी आत पुढच्या गिऱ्हाइकाचा डोळा झाकून त्याला अक्षरं वाचायला सांगितली.